मालाला कायदा, माणसाला उपदेश

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

विषयाचं नाव ऐकून तुमच्यातले निम्मे जण आत्ताच कंटाळले असतील. व्यापाराचा कायदा म्हणजे शेटजीचं खातं. जकात, बंदर, कंटेनर, आयात-निर्यातीचा परवाना. आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही, गावात मसणवट्याला जागा मिळत नाही, आणि हा गडी जिनिव्हा-वॉशिंग्टनच्या गप्पा मारायला उभा राहिला. तुमची शंका रास्त आहे. म्हणून सिद्धान्त मागे ठेवतो. आधी एका कारखान्यात काय घडलं ते सांगतो.

तमिळनाडूत दिंडिगल नावाचा जिल्हा आहे. तिथे नाच्ची अॅपरल हा कपडे शिवण्याचा कारखाना. मालक ईस्टमन एक्स्पोर्ट्स, बडी निर्यातदार कंपनी. माल जायचा एच अँड एमसारख्या परदेशी ब्रँडांना. शिलाईवर बसलेल्या बहुतेक बाया, आणि त्यांतल्या पुष्कळ दलित. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका विशीतल्या दलित मुलीचा खून झाला. खुनाच्या आरोपावरून अटक कुणाला झाली? तिच्याच कारखान्यातल्या सुपरवायझरला. घरच्यांनी आणि सोबतच्या बायांनी सांगितलं की तो कित्येक महिने तिच्या मागे लागला होता. तिच्या मरणानंतर इतर बायाही बोलायला लागल्या. हात लावणं, घाण बोलणं, टार्गेट पुरं झालं नाही तर सगळ्यांदेखत शिव्या घालणं, तक्रार केली तर कामावरून काढण्याची धमकी देणं, हे त्या लाइनवर रोजचं होतं.

असे खून आपल्याला नवे नाहीत. पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. मोर्चा, निवेदन, पालकमंत्र्यांची भेट, ॲट्रॉसिटीची कलमं लावून घ्यायला पोलिसांशी हुज्जत, मदतीचा धनादेश, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या. दिंडिगलमध्ये याच्यापलीकडे एक गोष्ट झाली. तीच आज सांगायचीय.

तिथे एक युनियन आहे. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन. दलित बायांनी चालवलेली. या बायांनी मालकाला जाब विचारलाच, पण तिथे थांबल्या नाहीत. सदऱ्याच्या गळ्याला जी चिठ्ठी शिवलेली असते ती त्यांनी रोज आपल्या हातांनी शिवली होती. कपडा कुणाच्या नावाने विकला जातो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सरळ त्या नावाला धरलं. एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि अमेरिकेतली ग्लोबल लेबर जस्टिस या संघटना सोबत आल्या. वर्षभर रेटा लावला आणि एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. दिंडिगल करार म्हणून तो ओळखला जातो. एका बाजूला युनियन, दुसऱ्या बाजूला मालक, आणि वर ब्रँड. आधी एच अँड एम, पुढे गॅप आणि पीव्हीएच. कक्षेत आले पाच हजारांवर कामगार.

आता तुम्ही म्हणाल, करार तर रोज होतात. या करारात काय लिहिलं ते बघा. कारखान्यात लाइनीलाइनीवर देखरेख करणाऱ्या बाया असतील, त्या युनियनने तयार केलेल्या असतील, मालकाने नेमलेल्या नसतील. तक्रार झाली की तिचा निकाल लागेल, आणि निकाल द्यायला मालकाच्या ताटाखालची मांजरं बसणार नाहीत, बाहेरची माणसं असतील. तक्रार करणारीवर सूड उगवता येणार नाही. बाई म्हणून, जातीवरून, परप्रांतातून आली म्हणून भेदभाव चालणार नाही. जात हा शब्द त्यात स्पष्ट आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: मालकाने निकाल पाळला नाही तर ब्रँडने त्याचा धंदा कमी करायचा, ऑर्डर तोडायची. हे ब्रँडच्या मर्जीवर सोडलेलं नाही. त्याने सही केलीय, त्याला ते बंधनकारक आहे. पहिल्याच वर्षात दीडशेच्या वर तक्रारी पुढे आल्या आणि बहुतेक सगळ्या निकालात निघाल्या. ज्या कारखान्यात तोंड उघडलं की नोकरी जायची, तिथे बाया लेखी तक्रार द्यायला लागल्या.

याच्याच जोडीला दुसरं घडलं. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्स खात्याने हुकूम काढला: नाच्ची अॅपरलचा माल बंदरात अडवा, सक्तमजुरीचा संशय आहे. क्रम नीट लक्षात घ्या. करार आधी झाला होता, हुकूम नंतर आला. मग युनियनने आणि तिच्या साथीदारांनी कस्टम्सला दाखवून दिलं की आता करार आहे, तो चालू आहे, बायांचा त्यावर ताबा आहे. कस्टम्सने ते मान्य केलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे दीड महिन्याच्या आत, माल सोडला. मालाला बंदर उघडलं ते कशामुळे? दलित बायांच्या सहीचा कागद होता म्हणून. आपल्या इतिहासात असं किती वेळा झालंय, तुम्हीच सांगा.

दोस्तहो, कापडाच्या धंद्यात जात आज घुसलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती पहिल्यापासून होती. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तुटला की तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला विटाळ. म्हणून आपल्या बापजाद्यांना विणकाम खातं बंद. लाल बावटा फडकत होता, संपात आपली माणसं उपाशी मरत होती, आणि खात्याचं दार बंदच. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही एकत्र. आपले काही मित्र यांतला एकच लक्षात ठेवतात आणि दुसरा सोयीने विसरतात. दिंडिगलच्या बायांनी दोन्ही लक्षात ठेवले. म्हणून त्यांच्या करारात मजुरीच्या जागेवरची बाई आहे आणि जातही आहे.

आता सिद्धान्ताकडे येऊ. जगाच्या व्यापारात दोन प्रकारचे कायदे आहेत. एक दात असलेला, दुसरा बोळका.

दात असलेला कुणासाठी? मालासाठी, पेटंटसाठी, गुंतवणुकीसाठी. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा करार आला. आपला १९७० चा पेटंट कायदा असा होता की औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, म्हणून आपल्याकडे औषध स्वस्त बनायचं. २००५ साली आपल्या संसदेला तो कायदा बदलावा लागला. सार्वभौम राष्ट्र, सार्वभौम संसद, आणि तरी बदलावा लागला. का? न बदलला तर तंटा होईल, निकाल लागेल, आणि निकाल न पाळणाऱ्यावर व्यापारी बंधनं येतील. औषध कंपनीच्या पेटंटला एवढं संरक्षण आहे.

आता माणसाचं बघा. २०११ साली संयुक्त राष्ट्रांनी धंदा आणि मानवी हक्क यांच्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं केली. तत्त्वं चांगली आहेत. कंपनीने हक्कांचा आदर करावा, नुकसान झालं तर भरपाईची वाट असावी. करावा, असावी! नाही केला तर? काही नाही. मार्गदर्शक तत्त्वंच ती. जून २०१४ मध्ये इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेने मानवी हक्क परिषदेत ठराव आणला की या विषयावर बंधनकारक तह करा. २० देश बाजूने, १४ विरोधात, १३ तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. विरोधात कोण होते? अमेरिका आणि युरोपातले बडे देश. जे आपल्याला उठता-बसता मानवी हक्क शिकवतात तेच. दहा वर्षं उलटून गेली, मसुद्यावर मसुदे होताहेत, तह काही झालेला नाही.

म्हणजे मालाला कायदा आणि माणसाला उपदेश. आपल्याला हा हिशेब नवा आहे का? गावात पाटलाच्या बांधाला सातबारा होता आणि आपल्याला पायरीनं रहा असा उपदेश होता.

या उपदेशाचं काय होतं त्याचे दाखले देतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाचं राज्य होतं. १९७७ साली लिऑन सुलिव्हन या कृष्णवर्णीय पाद्रीबाबांनी तिथल्या अमेरिकन कंपन्यांसाठी आचारसंहिता केली. गोऱ्या-काळ्यांना एकत्र जेवू द्या, समान कामाला समान पगार द्या, वगैरे. सुलिव्हन साधे गृहस्थ नव्हते, ते जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होते. कंपन्यांनी आनंदाने सह्या केल्या आणि धंदा चालू ठेवला. दहा वर्षांनी, १९८७ साली, स्वतः सुलिव्हननीच सांगितलं की हे पुरेसं नाही, कंपन्यांनी तिथून निघावं आणि अमेरिकेने निर्बंध लावावेत. त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ ला, अमेरिकन काँग्रेसने रेगनचा नकाराधिकार उलटवून वर्णद्वेषविरोधी निर्बंधांचा कायदा केला होता. वर्णद्वेष मोडला तो मुख्यतः आफ्रिकी जनतेच्या लढ्याने. पण व्यापाराची नाडी आवळली गेली तेव्हा गोऱ्या भांडवलदारालाही वाटाघाटी आठवल्या.

दुसरा दाखला शेजारचा. सप्टेंबर २०१२, कराची. अली एंटरप्रायझेस नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेच्या वर कामगार मेले. खिडक्यांना गज, दारं बंद. या कारखान्याला तीनच आठवडे आधी एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला. ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, तरी कामगारांना आत ढकललं. प्रमाणपत्र देणारे, तपासणी करणारे, ऑडिटवाले, सगळे आधी येऊन गेले होते. ऑडिटवाल्याची फी कोण देतो? ज्याची तपासणी करायची तोच, नाहीतर त्याच्याकडून माल घेणारा. मग काय दिसणार त्याला?

राणा प्लाझानंतर मात्र बांगलादेशात वेगळं झालं. युनियन आणि दोनशेवर ब्रँड यांच्यात आग आणि इमारत-सुरक्षेचा करार झाला. तो बंधनकारक होता. ब्रँडने शब्द पाळला नाही तर युनियन लवादात जाऊ शकत होती, आणि गेली. २०१६ साली दोन आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी दोन ब्रँडांना हेगच्या लवादात खेचलं. एका बड्या ब्रँडला २३ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. दारं, जिने, विजेच्या तारा, खांब दुरुस्त झाले. दिंडिगलच्या बायांच्या हातात आलेलं हत्यार याच भट्टीत घडलेलं आहे.

तिसरा दाखला मेक्सिकोचा, कारण तिथे प्रत्यक्ष दोन-तीन देशांच्या व्यापार-करारातच दात बसवले आहेत. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा नवा करार जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात एक तरतूद आहे: एखाद्या कारखान्यात कामगारांना युनियन करण्याचा हक्क नाकारला तर त्या एका कारखान्याच्या मालाची जकात-सवलत काढता येते. सगळ्या देशावर बंदी नाही, त्या कारखान्यापुरती. सिलाओ गावात जनरल मोटर्सचा कारखाना आहे. तिथे वर्षानुवर्षं मालकाच्या खिशातली युनियन होती. २०२१ मध्ये करारावर मतदान झालं, त्यात गडबड निघाली, अमेरिकेने ही तरतूद लावली. मतदान पुन्हा घ्यावं लागलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कामगारांनी जुना करार फेकून दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपली स्वतंत्र युनियन निवडून आणली. जे अनेक वर्षांत झालं नाही ते वर्षाच्या आत झालं, कारण ट्रकवरची जकात धोक्यात आली.

आता आक्षेप घेऊ. ते खरे आहेत, त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिला आक्षेप: हे साम्राज्यवाद्यांचं हत्यार आहे. बरोबर. अमेरिकेचा सक्तमजुरीच्या मालावर बंदी घालणारा कायदा १९३० चा आहे. तो काळ्या-सावळ्या मजुरांच्या कळवळ्याने केला नव्हता, अमेरिकन उत्पादकाला परदेशी तुरुंगातला स्वस्त माल नको होता म्हणून केला. त्यात पळवाटही होती: जो माल आपल्याकडे पुरेसा पिकत नाही तो सक्तमजुरीचा असला तरी येऊ द्या. म्हणजे गरज असेल तर गुलामीही चालेल! ही पळवाट २०१६ ला बंद झाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढवली. कामगारांसाठी नाही, त्यातली निम्मी तर रशियाच्या तेलासाठी. फटका बसला तिरुपूरच्या शिलाई कामगाराला, सुरतच्या हिरे घासणाऱ्याला. बड्यांच्या हातात व्यापाराचं हत्यार असं बेफाम चालतं.

पण म्हणून आपण काय करायचं? आपल्या सरकारने १९९६ साली सिंगापूरच्या व्यापार परिषदेत इतर विकसनशील देशांसोबत भूमिका घेतली की कामगारांचे हक्क व्यापाराच्या कायद्यात आणू नका, तो श्रीमंत देशांचा कावा आहे. कावा होताच. पण हेच आपलं राष्ट्र, १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवर अन्याय होतो म्हणून त्या देशाशी व्यापार बंद करून बसलं होतं. तेव्हा व्यापार आणि माणसाची इज्जत यांचा संबंध होता. मग स्वतःच्या देशातल्या मजुराची वेळ आली तेव्हा संबंध कुठे गेला? सिंगापूरला जे सार्वभौमत्व वाचवलं ते कुणाचं? दिंडिगलच्या सुपरवायझरचं, वीटभट्टीच्या मालकाचं, मुकादमाचं. स्वस्त मजूर हे आमचं भांडवल, असं जेव्हा दिल्लीतला तज्ज्ञ म्हणतो, तेव्हा तो मजूर कोण असतो? त्याची जात काय असते? ते तज्ज्ञ सांगत नाही, आपण सांगायचं.

दुसरा आक्षेप: माल अडला तर कारखाना बंद पडेल, आपल्याच बाया रस्त्यावर येतील. हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. नुसती बंदी घालून निघून जाणारा कायदा मजुराला दोनदा मारतो. म्हणूनच दिंडिगलचा धडा महत्त्वाचा. तिथे कामगारांची संघटना आधी उभी होती, मागणी तिने ठरवली, आणि बंदर उघडायची किल्ली तिच्या हातात आली. जिथे संघटना नाही तिथे परदेशातल्या एखाद्या संस्थेने परस्पर अर्ज ठोकून माल अडवायचा, आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला मान्य नाही. अर्ज करण्याआधी लाइनवरच्या बाईला विचारलंच पाहिजे.

तिसरा आक्षेप: गोरे भांडवलदार हे कायदे टिकू देणार नाहीत. याचा पुरावा ताजा आहे. फ्रान्सने २०१७ ला कायदा केला की बड्या कंपनीने आपल्या पुरवठादारांपर्यंत मानवी हक्कांची दक्षता घ्यायची, नाहीतर कोर्टात जाब द्यायचा. जर्मनीचा तसाच कायदा २०२३ पासून लागू झाला. मग २०२४ ला अख्ख्या युरोपीय संघाचा कायदा झाला, एक हजारावर कामगार असलेल्या बड्या कंपन्यांसाठी. शाई वाळायच्या आत कंपन्यांची आरडाओरड सुरू झाली: स्पर्धेत मागे पडू, कागदपत्रं फार. डिसेंबर २०२५ च्या तडजोडीत मर्यादा पाच हजार कामगारांवर नेली आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची युरोपभर समान तरतूद काढून टाकली. सक्तमजुरीच्या मालावर बंदी घालणारा युरोपचा कायदा डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. तोवर त्यालाही कितपत कुरतडतात ते बघत राहावं लागेल.

आपलं सरकारही याच वाटेने चाललंय. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी व्यापार-करारावर सह्या झाल्या. त्यात कामगारांच्या हक्कांचं प्रकरण आहे, वाचायला गोड आहे. पण करारातली तंटा सोडवण्याची यंत्रणा त्या प्रकरणाला लागू नाही. व्हिस्कीच्या जकातीवर तंटा करता येईल, मजुराच्या हक्कावर नाही.

आता आपल्या दारात येऊ.

व्यापाराचा कायदा सीमेवर चालतो. जो माल सीमा ओलांडत नाही त्याला तो गाठत नाही. बीडचा ऊसतोड मजूर घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, वरून दंड. पाळी म्हणजे खाडा, बाळंतपण म्हणजे खाडा. म्हणून ऐन तरुण बायांची गर्भाशयं काढली गेली. २०१९ साली सरकारच्याच समितीपुढे बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे आले: ८२ हजारांवर बायांची पाहणी, त्यांत १३ हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली. ही साखर बरीचशी देशातच खपते, मोठमोठ्या शीतपेयवाल्यांच्या बाटल्यांत जाते. तिथे अमेरिकेचं कस्टम्स काय करणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तमजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. कर्जात अडकवणं, मजुरी अडवून ठेवणं, धमकी, मारहाण आणि लैंगिक अत्याचार, एकटं पाडणं, जाऊ न देणं, कागदपत्रं काढून घेणं, फसवणूक, बेसुमार काम, राहण्याची जनावरासारखी जागा, लाचारीचा फायदा घेणं. उसाच्या फडात उभे राहा आणि मोजा किती सापडतात.

पण आपल्याकडे याहून मोठं हत्यार पडलेलं आहे. घटनेचं कलम २३. वेठबिगारी आणि सक्तमजुरी बंद. हे कलम सरकारपुरतं नाही, खासगी मालकालाही लागू आहे. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तमजुरी. पोटाच्या भुकेने केलेलं कामही सक्तीचंच. आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून वरच्याला हात झटकता येणार नाहीत. चाळीस वर्षांनी युरोप ज्याला पुरवठा-साखळीची जबाबदारी म्हणतो ती हीच.

त्याही आधी, १९६९ साली, या महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमाल कुणाचा नोकर हे कुणीच सांगत नव्हतं. व्यापारी म्हणे टोळीवाल्याचा, टोळीवाला म्हणे व्यापाऱ्याचा. कायद्याने मंडळ केलं, ज्याचा माल उचलला त्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला भविष्यनिधी मिळाला. व्यापाराला बांधणारा कायदा आपल्या हमालांनी लढून मिळवलेला आहे. तो परदेशातून आणायची गरज नाही, ऊसतोडीपर्यंत आणि वीटभट्टीपर्यंत न्यायची गरज आहे.

आणि नेमकं उलट चाललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायदे मोडून चार संहिता लागू केल्या. कंत्राटी कामगारांचं संरक्षण पूर्वी वीस मजुरांपासून लागू होई, आता पन्नासपासून. मधल्या एकोणपन्नासांनी कुणाकडे जायचं? कंत्राटदार आपल्या टोळ्या एकोणपन्नासच्या करेल, एवढी अक्कल त्याला आहे.

शेवटी जातीबद्दल. हे परदेशी कायदे वंश म्हणतात, लिंग म्हणतात, धर्म म्हणतात, कुठेकुठे सामाजिक मूळ म्हणतात. जात म्हणत नाहीत. २००१ साली दर्बानच्या वंशद्वेषविरोधी परिषदेत आपल्याच सरकारने जात हा विषय येऊ दिला नाही, घरचा मामला म्हणून. पण रोजगारातल्या भेदभावाविरुद्धचा श्रम संघटनेचा १९५८ चा करार भारताने १९६० साली मान्य केलेला आहे, आणि त्यात सामाजिक मुळावरून भेदभाव करायला बंदी आहे. त्या दोन शब्दांत जात येते, हे आपणच जगाच्या कानात ओरडून सांगायला पाहिजे. नाहीतर परदेशी साहेब कारखान्यात येईल, वयाचे दाखले बघेल, आग विझवायचे नळकांडे मोजेल, आणि संडास साफ करायला फक्त आपलीच बाई का, हा प्रश्न त्याला सुचणारही नाही.

मग करायचं काय? भाषण ऐकून घरी जाण्यासाठी आपण जमलेलो नाही.

एक. आपापल्या तालुक्यात कुठला माल बनतो आणि तो कुणाच्या नावाने विकला जातो ते शोधून काढा. चिठ्ठ्या, खोके, गेटवरच्या गाड्या, कामगारांचं बोलणं. ही माहिती म्हणजे साखळीचं दुसरं टोक.

दोन. पुरावा लिहून ठेवा. उचलीची वही, हजेरी, कापलेला पगार, दमदाटीची तारीख आणि वेळ. अमेरिकेच्या कस्टम्सकडे अशी माहिती कुणीही देऊ शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. पण बोलणाऱ्या बाईचं नाव तिच्या परवानगीशिवाय कुठेही जाता कामा नये. तिची नोकरी जाईल, जीवही जाईल.

तीन. संघटना आधी, अर्ज नंतर. आणि संघटनेच्या नेतृत्वात बाया पाहिजेत. सत्कारापुरत्या व्यासपीठावर बसवलेल्या नकोत, सही करणाऱ्या पाहिजेत.

चार. सरकार ज्या ज्या देशाशी व्यापार-करार करील त्यात कामगारांचं प्रकरण तंटा-निवारणाच्या कक्षेत आणा, आणि जात हा शब्द लिहा, ही मागणी प्रत्येक मेळाव्यात, प्रत्येक खासदाराच्या दारात.

पाच. देशातल्या मालासाठी आपला कायदा. साखर घेणाऱ्या कंपनीला फडातल्या बाईची जबाबदारी. विटा घेणाऱ्या बिल्डरला भट्टीवरच्या पोराची. कलम २३ आणि माथाडी कायदा एकत्र वाचा, मसुदा त्यातूनच निघेल.

कायद्याने क्रांती होत नाही, असं म्हणणारे इथेही बसले असतील. होत नाही, मान्य. पण दिंडिगलच्या बाया सकाळी कामावर जातात तेव्हा त्यांच्या लाइनवर आपली एक बाई उभी असावी, तिच्या शब्दाला सुपरवायझर घाबरावा, एवढ्यासाठी एका पोरीचा जीव जावा लागला. पुढच्या पोरीचा जाऊ नये. त्यासाठी हा किचकट, कंटाळवाणा, शेटजीचा कायदा आपल्याला शिकावा लागेल. बाबासाहेबांनी कायदा असाच शिकून घेतला होता.

जय भीम!